हातावर पोट असलेली ठिणगी

आजचा भाग सुरू होतो माझ्याच फजितीपासून.

डिसेंबरातली सकाळ. गाडी चार दिवस जागची हललेली नव्हती, आणि आतला छोटा दिवा मी चालू ठेवून गेलो होतो. किल्ली फिरवली. बॉनेटखालून फक्त 'टक्'. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. वरच्या गॅलरीतून शेजारचे काका ओरडले, "सेल्फ घेत नाहीये का? बॅटरी बसली असणार!" मग वॉचमन, दूधवाला आणि काका अशा तिघांनी धक्का मारला. बॅटरीत थोडी धुगधुगी शिल्लक होती म्हणून गाडी एकदाची सुरू झाली.

ऑफिसच्या वाटेवर मला आमची जुनी स्कूटर आठवली. तिला बॅटरीच नव्हती. किक मारायची, की सुरू. रात्री चौकात वेग कमी झाला की हेडलाईट मिणमिणायचा. मग बाबा क्लच दाबून ॲक्सिलरेटर पिळायचे आणि रस्ता पुन्हा उजळायचा. मागे बसून मला ती जादू वाटायची. पण ती स्कूटर महिनाभर जिन्याखाली पडून राहिली, तरी "बॅटरी बसली" हे वाक्य आमच्या घरात कधी ऐकू आलं नाही.

म्हणजे बघा, महागडी गाडी एका दिव्यापायी अडून बसते आणि साधी स्कूटर कुणाचं देणं लागत नाही. असं का? याचं उत्तर शोधायला गेलो, तर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मोटारींपर्यंत जाऊन पोहोचलो. तेव्हा इंजिनियर मंडळी एकाच प्रश्नापाशी अडली होती: ठिणगीसाठी वीज आणायची कुठून?

आधी थोडक्यात मुद्दा समजून घेऊ. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं जातं आणि अगदी नेमक्या क्षणी पेटवावं लागतं. क्षण चुकला तर ताकद जाते, फारच चुकला तर इंजिन उलटं फिरू पाहतं. आणि हे मिनिटाला शेकडो वेळा, न चुकता व्हायला हवं. कार्ल बेन्झने ठिणगीच्या या प्रश्नाला सगळ्या प्रश्नांतला सर्वांत बिकट प्रश्न मानलं होतं. हे मत कुणाचं, तर ज्याने अख्खी मोटार उभी केली त्याचं!

विजेची ठिणगी तशी नवी नव्हती. पॅरिसमध्ये एतिएन लन्वारने १८६० मध्ये गॅसवर चालणारं इंजिन केलं, त्यात बॅटरी, कॉइल आणि प्लग होताच. पण ते इंजिन एका जागी उभं राहून काम करणारं होतं. ऑटोच्या १८७६ च्या प्रसिद्ध फोर-स्ट्रोक इंजिनात तर वीजच नव्हती. एक छोटी ज्योत सतत जळायची आणि सरकत्या झडपेतून तिची धग आत पोहोचायची. संथ इंजिनाला ते पुरायचं. वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला ती झडप पुरी पडत नसे.

गोटलीब डायमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी वेगळा मार्ग काढला. एका टोकाने बंद असलेली छोटी नळी सिलिंडरला जोडायची आणि बाहेरून बर्नर लावून ती लालबुंद ठेवायची. मिश्रण दाबलं गेलं की नळीत शिरतं आणि पेटतं. सोपं, स्वस्त, आणि विजेची भानगड नाही. पण कल्पना करा, पेट्रोलची टाकी घेऊन तुम्ही खडबडीत रस्त्याने चाललाय आणि इंजिनाशेजारी उघडा बर्नर जळतोय. वारा आला तर विझणार, गाडी उलटली तर अख्खी पेटणार. शिवाय मिश्रण नेमकं कधी पेटावं, हे चालवणाऱ्याच्या हातात नाही.

बेन्झने मात्र विजेचीच कास धरली. त्याच्या १८८६ च्या तीनचाकी मोटारीत बॅटरी होती आणि 'ट्रेम्बलर' कॉइल होती. जुन्या दारावरच्या विजेच्या घंटीचा हातोडा आठवा. तसाच एक पत्रा थरथरत वीज जोडतो-तोडतो आणि त्यातून ठिणग्यांचा वर्षाव होतो. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बर्था, दोन मुलांना घेऊन, मानहाईमहून फोर्झहाईमला शंभरेक किलोमीटर गाडी चालवत गेली, ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्या प्रवासात ठिणगीच्या तारेचं आवरण घासलं गेलं, तेव्हा बर्थाबाईंनी मोज्याचा बंद गुंडाळून काम भागवलं असं सांगतात. मोटारीच्या वायरिंगची रस्त्यात केलेली ही बहुधा पहिली दुरुस्ती!

पण बेन्झच्या गाडीत एक मूळची उणीव होती. बॅटरीतून वीज जायची, परत काहीच यायचं नाही. गाडीत वीज तयार करणारं काहीही नव्हतं. म्हणजे घरातून शिदोरी घेऊन निघायचं आणि ती संपली की थांबायचं. रस्त्यावर वीज भरून मिळेल अशी सोय त्या काळात किती ठिकाणी असणार?

इथे रॉबर्ट बॉश येतो. १८८६ मध्ये त्याने स्टुटगार्टला एक छोटी कार्यशाळा काढली होती. पुढच्या वर्षी एका गिऱ्हाइकाने विचारलं, डॉइट्झ कंपनीच्या इंजिनाला ठिणगीचं जे यंत्र असतं, तसं मला करून द्याल का? ते यंत्र म्हणजे मॅग्नेटो. चुंबकाजवळ तारेची गुंडाळी हलली की तारेत वीज उत्पन्न होते, हे फॅरडेने १८३१ मध्येच दाखवलं होतं. मॅग्नेटोत नालेच्या आकाराचे चुंबक असतात, त्यांच्यामध्ये तारेची गुंडाळी असते आणि तिला हलवतं खुद्द इंजिन. बॅटरी नाही, साठवण नाही. त्या क्षणी वीज कमवायची आणि त्याच क्षणी ठिणगीत खर्च करायची.

आपल्याकडे अशा संसाराला एक नेमका शब्द आहे: हातावर पोट. मॅग्नेटोचं पोट हातावर आहे. काम थांबलं की कमाई थांबली. पण उधारी नाही आणि दिवाळं निघण्याची भीतीही नाही. माझ्या बाबांच्या स्कूटरमध्ये होतं ते हेच. आजही गॅरेजमधला पोरगा स्कूटर उघडून म्हणतो ना, "साहेब, मॅग्नेट कॉइल गेली", ती याच घराण्यातली.

मात्र बॉशचा तो पहिला मॅग्नेटो बैठ्या, संथ इंजिनांसाठी होता. १८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स या इंग्रज व्यावसायिकाने त्याच्यापुढे एक फ्रेंच तीनचाकी आणून उभी केली. द दियाँ-बुताँ कंपनीची. तिचं इंजिन मिनिटाला दीड हजारांवर फेरे घ्यायचं. एवढ्या वेगाने जड गुंडाळी पुढेमागे हलवणं अशक्य होतं. बॉशकडच्या आर्नोल्ड त्सेरिंगरने युक्ती केली. गुंडाळी आणि चुंबक दोन्ही स्थिर ठेवले आणि त्यांच्या मधली हलकी लोखंडी पुंगळी तेवढी हलवली. वजन कमी झालं आणि वेग साधला.

एक अडचण तरीही उरली. या मॅग्नेटोची वीज कमी दाबाची होती. ठिणगी पाडायला सिलिंडरच्या आत दोन टोकं एकमेकांना टेकवून झटक्यात दूर करावी लागत. म्हणजे आगीच्या भट्टीत हलणारे भाग, त्यांना बाहेरून जोडलेले दांडे, आणि रोजची झीज. यावरचा उपाय गोटलोब होनोल्डने १९०२ मध्ये काढला. पोरवयात तो बॉशच्याच कार्यशाळेत उमेदवारी करत होता, पुढे शिकून परत आला. त्याने एकाच गाभ्यावर दोन गुंडाळ्या घेतल्या: एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची, दुसरी बारीक तारेची, खूप वेढ्यांची. पहिलीतला प्रवाह अचानक तोडला की दुसरीत हजारो व्होल्टचा दाब उसळतो आणि प्लगच्या दोन स्थिर टोकांमधली फट ठिणगी आपोआप ओलांडते. सिलिंडरच्या आत हलणारं काही उरलं नाही.

बॉशच्या वस्तूंवर वर्तुळातलं जे चिन्ह दिसतं, ते याच मॅग्नेटोच्या गाभ्याचं चित्र आहे. ते १९१८ मध्ये होनोल्डनेच काढलं. आपल्याकडे बंगळूरच्या 'मायको'चे प्लग घराघरातल्या स्कूटरला लागले, ती कंपनीही बॉशच्याच गोतावळ्यातली.

या ठिणगीला केवढं मोल आलं पाहा. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा ब्रिटनच्या लक्षात आलं की आपल्या मोटारींचे आणि विमानांचे मॅग्नेटो बहुतांशी जर्मनीतून येतात. ज्याच्याशी लढायचं, त्याच्याच ठिणगीवर आपलं विमान उडणार! घाईघाईने देशातल्या देशात मॅग्नेटोचा धंदा उभा करावा लागला. अमेरिकेने तर बॉशची तिथली कंपनी शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतली.

आता हातावर पोट असलेल्या गाड्यांची महाराणी बघू. फोर्डची मॉडेल टी, १९०८. हेन्री फोर्डला गाडी स्वस्त हवी होती, आणि त्या काळची बॅटरी महाग होती आणि नाजूकही. मग मॅग्नेटो थेट फ्लायव्हीलमध्येच बसवला. फिरत्या चाकावर १६ चुंबक आणि समोर स्थिर १६ गुंडाळ्या. त्यातली वीज लाकडी पेटीतल्या चार ट्रेम्बलर कॉइलना जायची, दर सिलिंडरला एक. १९१५ च्या सुमारास हेडलाईटही विजेचे झाले, तेही याच मॅग्नेटोवर. त्यामुळे इंजिन मंदावलं की दिवे मिणमिणायचे. बाबा चौकात जे करायचे, ते अमेरिकेतला शेतकरी त्यांच्या कितीतरी आधी करत होता!

आणखी एक गंमत. फोर्डची सरकती असेंब्ली लाइन जगाला माहीत आहे. पण ती आधी अख्ख्या गाडीसाठी लागली नव्हती. १९१३ च्या एप्रिलमध्ये तिचा पहिला प्रयोग झाला तो या फ्लायव्हील मॅग्नेटोवर. एक कामगार एक मॅग्नेटो जोडायला सुमारे २० मिनिटं घेत असे. तेच काम २९ जणांत वाटून दिलं, तर १३ मिनिटं १० सेकंद लागू लागली. पुढे लाइनची उंची ८ इंचांनी वाढवली, माणसांचं वाकणं वाचलं, आणि वेळ ७ मिनिटांवर आला. शेवटी तर ५ मिनिटांवर. विसाव्या शतकातली कारखानदारी ज्यातून घडली, तो पहिला धडा ठिणगीच्या यंत्रावर गिरवला गेला.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, मग मॅग्नेटोतच सगळं भागलं की! नाही भागलं. हातावर पोट असणाऱ्याची एक कायमची पंचाईत असते. पहिला दिवस ढकलायचा कसा? इंजिन फिरल्याशिवाय मॅग्नेटोत वीज नाही, आणि विजेशिवाय इंजिन फिरणार नाही. मग पहिले फेरे कोण देणार? माणसाचा हात. आपण त्याला 'हँडल मारणं' म्हणतो. आपल्याकडचे जुने ट्रक-ड्रायव्हर आजही सांगतात, हँडल धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, पलीकडून विळखा घालायचा नाही. कारण ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देतं आणि हँडल हातावर उलटतं. ठिणगी उशिरा पाडण्यासाठी स्टिअरिंगजवळ एक दांडी असायची. ती मागे घ्यायला विसरलात तर गेलंच मनगट. अशा अपघातांत मनगटाजवळचं हाड ज्या विशिष्ट जागी मोडायचं, त्याला डॉक्टर आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. हँडलं भंगारात गेली, पण दुखापतीचं नाव वैद्यकाच्या पुस्तकात राहिलं.

आणि इथे प्रश्न हाडांपुरता नव्हता. ज्याच्या दंडात बळ तोच गाडी सुरू करू शकणार. बायका, म्हातारी माणसं, किरकोळ अंगाची माणसं गाडीच्या बाहेर. म्हणून त्या काळी श्रीमंत बायकांना बॅटरीवरच्या विजेच्या मोटारी विकल्या जात. हेन्री फोर्डची बायको क्लारा स्वतः 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' चालवायची. ज्याने जगाला पेट्रोलची गाडी दिली, त्याच्याच घरातली गृहिणी विजेच्या गाडीत!

हा तिढा सोडवला चार्ल्स केटरिंगने. ओहायोमधल्या शेतकरी घरातला, डोळ्यांनी अधू असलेला इंजिनियर. डेटनमध्ये तो नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता आणि दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला त्याने विजेची मोटर बसवली होती. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याचे सोबती एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागच्या कोठारात मोटारींवर काम करत. तिथून आधी बाहेर पडली बॅटरीवरची सुधारलेली ठिणगी. ट्रेम्बलरसारखा ठिणग्यांचा वर्षाव नाही, दर वेळी एकच ठिणगी, पण खणखणीत. बॅटरीची बचत झाली. कॅडिलॅकच्या हेन्री लेलंडने १९०९ मध्ये असे हजारो संच मागवले आणि त्या ऑर्डरवर 'डेल्को' ही कंपनी उभी राहिली.

मग आला स्टार्टर. बायरन कार्टर नावाचा मोटार-उद्योजक एका बाईंची बंद पडलेली गाडी सुरू करून द्यायला गेला, हँडलचा झटका बसला, आणि त्या जखमेतून पुढे दगावला, अशी गोष्ट सांगितली जाते. लेलंडचा तो स्नेही, म्हणून लेलंडने हँडल हद्दपार करायचं मनावर घेतलं म्हणे. दंतकथेचा भाग बाजूला ठेवू. अडचण खरी होती. जाणकारांचं म्हणणं असं, की इंजिन फिरवायला लागेल एवढी विजेची मोटर घेतली तर ती इंजिनाएवढीच मोठी होईल.

केटरिंगचं उत्तर त्याच्या गल्ल्याच्या यंत्रात होतं. गल्ला उघडायला मोटर लागते ती क्षणभर. दिवसभर तेवढं ओझं वाहावं लागलं तर छोटी मोटर जळून जाईल, पण चार सेकंदांसाठी तिच्याकडून दुप्पट-तिप्पट काम काढून घ्यायला हरकत नाही. मग थंड व्हायला तिला भरपूर वेळ आहेच. बाकीचे मोटर किती ताकदीची हवी हे मोजत होते. केटरिंगने विचारलं, किती वेळासाठी हवी? फेब्रुवारी १९११ मध्ये त्याने लेलंडला सेल्फ-स्टार्टर चालवून दाखवला आणि १९१२ ची कॅडिलॅक हँडलशिवाय बाजारात आली. काकांच्या तोंडचा 'सेल्फ' हा शब्द तिथपासूनचा.

पण मंडळी, माझ्या मते त्या गाडीतली खरी क्रांती स्टार्टर नव्हती. स्टार्टरने बॅटरीतून एवढी वीज ओढली, ती परत कोण भरणार? त्या कॅडिलॅकमध्ये तेच यंत्र दोन कामं करायचं. सुरू करताना मोटर म्हणून इंजिनाला फिरवायचं, आणि इंजिन चालू झालं की इंजिनच त्याला फिरवायचं आणि ते डायनामो होऊन बॅटरी भरायचं. सुरू करताना २४ व्होल्ट, दिव्यांना आणि ठिणगीला ६ व्होल्ट. गाडीत पहिल्यांदा पुरा संसार मांडला गेला: कमाई, साठवण आणि खर्च. या कामासाठी कॅडिलॅकला ब्रिटनमधली मानाची ड्यूअर ट्रॉफी मिळाली.

संसार आला की जमाखर्चाची डोकेदुखी आलीच. डायनामोची वीज इंजिनाच्या वेगावर अवलंबून. चौकात इंजिन संथ, हायवेवर कितीतरी पट वेगवान. वेग कमी असला की डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा खाली जातो आणि वीज उलटी बॅटरीतून डायनामोत वाहू लागते. म्हणजे ज्याने कमवून आणायचं, तोच घरातली पुंजी उडवणार! यासाठी 'कटआउट' आला. छोटा विद्युतचुंबक, जो डायनामोचा दाब पुरेसा झाला तरच दार उघडतो, एरवी बंद ठेवतो.

दुसऱ्या टोकाला अतिकमाईचा त्रास. वेग वाढला की बॅटरीत गरजेपेक्षा जास्त वीज जाते, ॲसिड तापतं, पाणी उडून जातं. यावर बराच काळ चालला तो तीन कार्बनांचा डायनामो. तिसरा कार्बन अशा जागी बसवायचा, की वेग फार वाढला तर डायनामो आपलाच जोर आवरतो. युक्ती हुशार होती, पण आंधळी. बॅटरी भरली आहे की रिकामी, हे तिला कळत नसे. लांबच्या प्रवासाला निघालेली माणसं भर दुपारी हेडलाईट लावून गाडी चालवत. वेडेपणा नव्हता तो, जादाची वीज खर्च करायची सोय होती. १९३० च्या दशकात व्होल्टेज रेग्युलेटर रुळला, तेव्हा कुठे गरजेप्रमाणे भरणा होऊ लागला. आणि १९६० मध्ये क्रायस्लरने 'व्हॅलियंट'मध्ये अल्टरनेटर दिला, जो इंजिन संथ असतानाही पुरेशी वीज देतो.

फोर्डने १९१९ पासून मॉडेल टीला बॅटरी आणि स्टार्टर द्यायला सुरुवात केली, तरी तिचा मॅग्नेटो १९२७ पर्यंत तसाच राहिला. पुढच्या मॉडेल ए मध्ये मात्र बॅटरी-कॉइलची ठिणगी आली. मोटारींच्या दुनियेत साठवणीचा संसार जिंकला.

आता माझ्या त्या सकाळच्या 'टक्'कडे परत येतो. दिवे, वायपर, हीटर, गाणी, आणि दंडातल्या बळाशिवाय गाडी सुरू करण्याची मुभा, हे सगळं आपल्याला त्या संसाराने दिलं. त्याची किंमत एवढीच, की आता पुंजी सांभाळावी लागते. ती संपली तर अख्खं घर अडतं. गाडीला ढकलणारे ते तिघं म्हणजे काय, तर शंभर वर्षांपूर्वीचं हँडल, तीन माणसांच्या रूपात परत आलेलं.

आणि मॅग्नेटो? तो संपलेला नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या विमानांच्या इंजिनांना आजही मॅग्नेटो असतो, आणि एक नाही, दोन. विमानातली सगळी वीज गेली, बॅटरी बसली, तरी इंजिन फिरतंय तोवर ठिणगी पडत राहते. तिथे खाली उतरून धक्का मारायला कुणी येणार नसतं. म्हणून जमिनीवर आपण साठवणीवर भरवसा ठेवला आणि आकाशात हातावर पोट असलेल्यावर.

घरी येऊन हे सगळं बाबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "ते ठीक आहे. आतला दिवा बंद केलास ना?"

भेटू पुढच्या भागात. तोवर तुमच्या घरातल्या हँडलच्या, किकच्या, धक्क्याच्या गोष्टी मला नक्की कळवा.